शैक्षणिक अर्हतेवरून अपात्र ठरवले, तर काय करावे? शासकीय भरतीतील नव्या उमेदवारांसाठी मार्गदर्शन

लेखी परीक्षेत चांगले गुण मिळाले, कागदपत्र पडताळणीला बोलावणे आले आणि नंतर लागलेल्या तात्पुरत्या यादीत आपल्या नावापुढे ‘विहित शैक्षणिक अर्हता नाही’ असा शेरा दिसला, की बहुतेक उमेदवार दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण लगेच वकिलाकडे धावतात, तर काही जण मंत्रालयापासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत निवेदने पाठवत राहतात आणि त्यात वर्ष निघून जाते. या दोहोंच्या आधी करण्याचे काम वेगळे आहे. अर्हतेचा वाद उमेदवाराच्या हुशारीवर किंवा गुणांवर ठरत नाही. ठराविक दिनांकाला, ठराविक नियमात लिहिलेली अर्हता त्याच्याकडे होती की नव्हती आणि ती होती हे कोणत्या कागदाने सिद्ध होते, एवढ्याच प्रश्नावर तो ठरतो. त्यामुळे पुढच्या सर्व पायऱ्या कागद जमवण्याच्या आहेत आणि त्यांचा क्रम चुकवू नये.

पहिली पायरी: जाहिरातीच्या मागचे सेवाप्रवेश नियम मिळवा

प्रत्येक शासकीय पदासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद 309 खाली सेवाप्रवेश नियम केलेले असतात, आणि जाहिरात ही त्या नियमांवरून तयार केलेली असते. जाहिरात तयार करताना कधी एखादा शब्द गळतो, कधी जुन्या जाहिरातीतला मजकूर तसाच येतो, तर कधी नियमांत झालेली सुधारणा लक्षात घेतली जात नाही. जाहिरात आणि नियम यांत विसंगती असेल तर नियमच श्रेष्ठ, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत घेतली आहे. तेव्हा ‘जाहिरातीत तर असे लिहिले होते’ हा युक्तिवाद दुधारी आहे. नियम उमेदवाराच्या बाजूने असतील तर जाहिरातीतील चूक त्याला बाधत नाही, पण नियम विरुद्ध असतील तर जाहिरातीचा आधार फार काळ टिकत नाही.

नियम शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि बहुतेक विभागांच्या संकेतस्थळावरही असतात. ते सापडत नसतील तर माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून संबंधित विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे, म्हणून हा अर्ज यादी लागल्यानंतर नव्हे, तर परीक्षेचा अर्ज भरतानाच करून ठेवणे शहाणपणाचे. अर्जात मोघम माहिती मागू नये. ‘अमुक पदाचे, अमुक जाहिरातीच्या दिनांकास लागू असलेले सेवाप्रवेश नियम, त्यांतील सर्व सुधारणांसह’ असे नेमके लिहावे, कारण जाहिरातीनंतर झालेली सुधारणा सहसा त्या भरतीला लागू होत नाही. भरतीची प्रक्रिया सुरू झाल्यावर पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत, नियमांनी किंवा जाहिरातीने तशी मुभा दिली असेल तरच आणि तीही मनमानी नसेल तरच, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

दुसरी पायरी: अर्हतेचे कलम शब्दाशब्दाने वाचा

पुढील तीन वाक्ये वरवर सारखी दिसतात. ‘स्थापत्य अभियांत्रिकीतील पदविका.’ ‘स्थापत्य अभियांत्रिकीतील पदविका किंवा शासनाने तिच्याशी समकक्ष म्हणून घोषित केलेली अर्हता.’ ‘स्थापत्य अभियांत्रिकीतील किमान पदविका.’ पदवीधर अभियंत्याच्या दृष्टीने या तीन वाक्यांचा परिणाम एकसारखा नाही. तिसऱ्या वाक्यात त्याला शिरायला स्पष्ट वाट आहे. दुसऱ्यात शासनाचा आदेश दाखवावा लागेल. पहिल्यात मात्र त्याची पदवी पदविकेपेक्षा कितीही वरची असली, तरी ती आपोआप चालेलच असे नाही.

‘मोठी पदवी आहे म्हणजे लहान अर्हता आलीच’ हा समज या वादांतला सर्वांत महागडा समज आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये केरळच्या एका प्रकरणात उच्च अर्हताधारकांना पात्र ठरवले होते आणि तो निकाल आजही अनेक उमेदवार हातात घेऊन येतात. पण त्या राज्याच्या नियमांतच उच्च अर्हतेत खालची अर्हता गृहीत धरण्याची तरतूद होती, हे सांगायला विसरतात. पुढे 2018 मध्ये जम्मू-काश्मीरमधील वीज विभागाच्या तंत्रज्ञ पदांबाबत न्यायालयाने हेच निदर्शनास आणले. आयटीआयची अट असलेल्या पदांसाठी अभियांत्रिकीच्या पदविकाधारकांना तशी तरतूद नसताना पात्र मानता येणार नाही, पदाच्या कामाला कोणती अर्हता लागते हे ठरवणे नियोक्त्याचे काम आहे, असा तो निकाल आहे. दुसरीकडे 2021 मध्ये हिमाचल प्रदेशातील वीज मंडळाच्या कनिष्ठ अभियंता भरतीत पदवीधरांना पात्र ठरवले गेले. तिथेही आधार नियमांच्या रचनेचाच होता. आपल्या नियमांत असा आधार शोधून तो सापडला तरच या मार्गाने जावे.

कलमातील ‘आवश्यक’ आणि ‘पसंती देण्यात येईल’ हे दोन भाग वेगळे ठेवावेत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या सहायक आयुक्त (औषधे) आणि औषध निरीक्षक पदांच्या भरतीत हाच घोळ झाला होता. औषधनिर्मिती किंवा औषध चाचणीच्या अनुभवाऐवजी संशोधनाचा अनुभव चालेल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे 2019 मध्ये न्यायालयाने आयोगाची बाजू मान्य केली. पसंतीची अर्हता कितीही भक्कम असली तरी ती आवश्यक अर्हतेची उणीव भरून काढत नाही आणि अर्हतेची समकक्षता न्यायालय स्वतः ठरवणार नाही, हे दोन्ही मुद्दे त्यात आहेत. आपल्याकडच्या कोणत्याही भरतीच्या वादात सरकारी वकील हा निकाल हमखास पुढे करतात, म्हणून तो मुळातून वाचून ठेवावा.

तिसरी पायरी: दिनांकाचा हिशेब मांडा

अर्हता कोणत्या दिनांकाला असायला हवी, याचा क्रम ठरलेला आहे. नियमांत दिनांक दिला असेल तर तो, नसेल तर जाहिरातीत दिलेला, आणि तोही नसेल तर अर्ज स्वीकारण्याचा अंतिम दिनांक. राज्यसेवेसारख्या परीक्षांत पदवीच्या शेवटच्या वर्षाला बसलेल्यांना पूर्वपरीक्षा देता येते, पण मुख्य परीक्षेच्या अर्जाच्या अंतिम दिनांकापर्यंत त्यांना पदवी मिळालेली असावी लागते. ही सवलत त्या-त्या जाहिरातीत लिहिलेली असते म्हणून मिळते. तलाठ्याच्या किंवा लिपिकाच्या जाहिरातीत ती नसेल तर ती गृहीत धरता येणार नाही.

परीक्षा दिली तो दिवस, निकाल जाहीर झाला तो दिवस, गुणपत्रक छापले तो दिवस आणि पदवीदान समारंभाचा दिवस, असे चार वेगवेगळे दिनांक एकाच पदवीला असू शकतात. यांतला कामाचा दिनांक निकालाचा. दिल्लीतील एका शिक्षक भरतीत बी.एड.ची परीक्षा मुदतीपूर्वी झाली होती, निकाल मात्र मुदतीनंतर लागला. नेमणूक मिळूनही ती पुढे रद्द झाली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवले. म्हणून आपले अंतिम सत्राचे गुणपत्रक हातात घ्या आणि तळाशी, स्वाक्षरीच्या जवळ छापलेला दिनांक पाहा. तो निकालाचा आहे की गुणपत्रक दिल्याचा, हे तिथे नीट लिहिलेले नसते, आणि पडताळणी करणारा कर्मचारी समोर दिसणारा दिनांकच नोंदवतो. तो मुदतीनंतरचा असेल पण निकाल आधी लागला असेल, तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून ‘निकाल अमुक दिनांकास जाहीर झाला’ असे सही-शिक्क्याचे पत्र पडताळणीच्या आधीच घेऊन ठेवावे. पुनर्मूल्यांकनात उत्तीर्ण झालेल्यांनी तर सुधारित निकाल कोणत्या दिनांकापासून धरायचा हे विद्यापीठाकडून लेखी घेतल्याशिवाय पडताळणीला जाऊच नये.

अर्हता मुदतीत मिळालेली आहे पण तिचा कागद उशिरा मिळाला, ही स्थिती वेगळी आहे. अर्हता असणे आणि तिचा पुरावा सादर करणे यांत न्यायालये अनेकदा फरक करत आली आहेत आणि उमेदवाराला दिलासा मिळण्याची शक्यता इथे बरीच अधिक असते. मात्र पुरावाही अमुक दिनांकापर्यंतच हवा आणि नंतर तो स्वीकारला जाणार नाही असे जाहिरातीत ठळक लिहिले असेल, तर हा दिलासा अवघड होतो.

चौथी पायरी: समकक्षतेचा कागद योग्य दारातून आणा

एखादी पदवी दुसऱ्या पदवीशी समकक्ष आहे, हे महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी लिहून दिले तरी त्याला भरतीत फारसे वजन नसते. पदविकांसाठी तंत्रशिक्षण संचालनालय किंवा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ, पदव्यांसाठी संबंधित विद्यापीठ आणि उच्च व तंत्र शिक्षण विभागाचे आदेश, दहावी-बारावीसाठी संबंधित शिक्षण मंडळ, असा मार्ग असतो. परदेशी पदव्यांना पूर्वी भारतीय विद्यापीठ संघाचे प्रमाणपत्र लागत असे. 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी अर्हतांच्या समकक्षतेसाठी स्वतंत्र विनियम आणले आहेत, त्यामुळे अर्ज करताना चालू व्यवस्था आयोगाच्या संकेतस्थळावर तपासावी. यानंतरही शेवटचा शब्द नियोक्त्याचा असतो. शिक्षण संस्थेच्या दृष्टीने समकक्ष असलेली पदवी एखाद्या पदाच्या कामासाठी पुरेशी नाही, असे तो सकारण ठरवू शकतो.

विषयाच्या नावावरून उठणारे वाद याच प्रकारात येतात. जाहिरातीत ‘रसायनशास्त्र’ आहे आणि पदवीवर ‘औद्योगिक रसायनशास्त्र’ आहे, किंवा ‘यंत्र अभियांत्रिकी’ हवी आणि पदवी ‘उत्पादन अभियांत्रिकी’ची आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील व्याख्यात्याच्या एका पदावरून 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रसायनशास्त्र व औद्योगिक रसायनशास्त्र यांचीच अदलाबदल अमान्य केली होती. त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. जाहिरात वाचून ज्या शेकडो लोकांनी आपण बसत नाही म्हणून अर्जच केला नाही, त्यांच्यावर मागून अट सैल केल्याने अन्याय होतो. अशा वादात अभ्यासक्रमाची तुलना करणारा तक्ता, प्रत्येक सत्राच्या विषयांसह, विद्यापीठाकडून प्रमाणित करून घ्यावा. न्यायालयापेक्षा तो नियुक्ती प्राधिकाऱ्यापुढेच जास्त उपयोगी पडतो.

पुन्हा पुन्हा अडणाऱ्या अर्हता

संगणक अर्हतेबाबत अनेक जाहिरातींत 4 फेब्रुवारी 2013 च्या शासन निर्णयाचा उल्लेख असतो. एमएस-सीआयटी किंवा त्या निर्णयात नमूद केलेल्या परीक्षा चालतात. गल्लीतल्या खासगी संस्थेचे, नावाने तसेच वाटणारे प्रमाणपत्र चालत नाही. काही पदांना ही अर्हता नेमणुकीनंतर ठराविक मुदतीत मिळवण्याची सवलत असते. ती आपल्या पदाला आहे का, हे पाहिल्याशिवाय घाबरूही नये आणि निश्चिंतही होऊ नये. लिपिक-टंकलेखकासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट या वेगाचे शासकीय प्रमाणपत्र लागते, आणि इथेही निकालाचा दिनांक मुदतीच्या अलीकडचा की पलीकडचा यावरूनच बहुतेक जण अडतात.

दूरशिक्षणाच्या पदव्यांबाबत एक सरसकट भीती आहे आणि ती बरीचशी अनाठायी आहे. मान्यताप्राप्त संस्थेकडून, आयोगाने मान्य केलेल्या अभ्यासक्रमात मिळवलेली मुक्त व दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर केले आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या पदवीवर वर्षानुवर्षे लोक शासकीय सेवेत आलेले आहेत. खरा धोका दुसरीकडे असतो. परराज्यातील एखाद्या विद्यापीठाच्या ‘अभ्यास केंद्रा’तून, आपल्या तालुक्याच्या गावी बसून घेतलेल्या पदवीला त्या वर्षी, त्या अभ्यासक्रमासाठी मान्यता होती का, हे उमेदवाराने कधी पाहिलेलेच नसते. काही अभिमत विद्यापीठांनी 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये स्थगित केल्या, तेव्हा त्या पदवीवर नोकरीत असलेले लोकही अडचणीत आले. तेव्हा वर्षनिहाय मान्यतेची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून छापून आपल्या फाइलमध्ये लावावी.

प्राथमिक शिक्षकांची स्थिती गेल्या काही वर्षांत वेगाने बदलली. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2023 च्या निकालाने ठरले, आणि त्याआधी रीतसर नेमलेल्यांना एप्रिल 2024 मध्ये संरक्षण मिळाले. शिक्षक पात्रता परीक्षा सेवेतील शिक्षकांनाही लागू होते, असे सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना सेवेत राहण्यापुरती त्यातून सूट आहे. शिक्षक भरतीच्या उमेदवाराने तीन वर्षांपूर्वीच्या मार्गदर्शनावर विसंबून अजिबात अर्ज करू नये.

पाचवी पायरी: हरकत आणि निवेदन

तात्पुरत्या यादीवर हरकतीसाठी मिळणारी मुदत बहुधा थोड्या दिवसांची असते, आणि ती चुकली तर पुढे प्रत्येक ठिकाणी ‘तेव्हा का बोलला नाहीत’ हा प्रश्न येतो. हरकत एका पानाची असावी. पहिल्या परिच्छेदात जाहिरात क्रमांक, पद, बैठक क्रमांक आणि अपात्रतेचा शेरा जसाच्या तसा. दुसऱ्यात नियमातील कलम उद्धृत करून ‘सदर कलमानुसार आवश्यक असलेली अर्हता मी अमुक दिनांकास प्राप्त केलेली असून त्याचा पुरावा सोबत जोडला आहे’ असे वाक्य. तिसऱ्यात मागणी: अपात्रतेचा शेरा रद्द करावा आणि तसे शक्य नसल्यास कारणे लेखी कळवावीत. घरची परिस्थिती, किती वर्षे अभ्यास केला, वयोमर्यादा संपत आली, हे खरे असले तरी या कागदावर त्याचा उपयोग नाही. निवेदन ई-मेलने पाठवले तरी एक प्रत आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. ‘साहेबांना भेटलो, बघतो म्हणाले’ याची नोंद कुठेही राहत नाही.

एका निवेदनानंतर स्मरणपत्र एखादे पुरे. निवेदनांवर निवेदने दिल्याने दाद मागण्याची मुदत वाढत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

सहावी पायरी: योग्य न्यायालय

राज्य शासनाच्या नागरी पदांच्या भरतीचा वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे जातो. तलाठी, पोलीस शिपाई, मंत्रालयीन लिपिक, लोकसेवा आयोगामार्फत भरली जाणारी शासनाची पदे ही त्यात येतात. मॅटचे मुख्य पीठ मुंबईला असून नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे खंडपीठे आहेत. जिल्हा परिषद, महानगरपालिका, महावितरणसारखी कंपनी यांच्या भरतीचे वाद मात्र मॅटकडे जात नाहीत. त्यासाठी उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करावी लागते. ग्रामसेवक आणि शिक्षक ही पदे जिल्हा परिषदेची असल्याने त्यांच्या उमेदवारांची इथे नेहमी गल्लत होते. केंद्र शासनाच्या पदांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. मॅटच्या विषयात थेट उच्च न्यायालयात जाता येत नाही. एल. चंद्रकुमार प्रकरणातील 1997 च्या निकालानुसार आधी न्यायाधिकरण आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दोन न्यायाधीशांचे पीठ, हाच क्रम आहे.

मॅटमधील मूळ अर्जाची मुदत अंतिम आदेशापासून 1 वर्षाची आहे. रीतसर केलेल्या निवेदनावर 6 महिन्यांत काहीच निर्णय झाला नाही, तर ते 6 महिने संपल्यापासून 1 वर्ष मिळते. पण भरतीच्या वादात ही मुदत कागदावरचीच समजावी. निवड यादी लागून नेमणुका झाल्या, की रिकामे पद उरत नाही आणि जिंकूनही हाती काही येत नाही. म्हणून अपात्रतेचा शेरा कायम झाला की काही आठवड्यांतच अर्ज दाखल करून एक पद रिक्त ठेवण्याचा किंवा निवड अर्जाच्या निकालाच्या अधीन ठेवण्याचा अंतरिम आदेश मागावा. आपल्या यशामुळे ज्याचे नाव यादीतून जाऊ शकते अशा उमेदवाराला प्रतिवादी करावे लागते. ते राहिले तर केवळ त्या कारणाने अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अर्हतेच्या अटीलाच आव्हान द्यायचे असेल, तर ते परीक्षेला बसण्याआधी द्यावे. परीक्षा देऊन, निवड झाली नाही म्हणून अट बेकायदा असल्याचे सांगणाऱ्याचे न्यायालय सहसा ऐकत नाही.

नोकरी लागल्यानंतर वाद उठला तर

नेमणुकीनंतर विभाग प्रमाणपत्रे विद्यापीठाकडे पडताळणीला पाठवतो, आणि कधी तक्रारीवरून वर्षांनंतरही चौकशी सुरू होते. अशा वेळी सर्वांत आधी आपला मूळ ऑनलाइन अर्ज काढून पाहावा. त्यात पदवीचे नाव, विद्यापीठ आणि उत्तीर्णतेचा दिनांक खरा भरला असेल, सर्व काही उघड असताना प्रशासनानेच आपल्याला पात्र ठरवले असेल, तर प्रदीर्घ सेवेचा विचार न्यायालयांनी काही वेळा केला आहे. लपवाछपवी असेल तर सहानुभूती मिळत नाही, मग लपवलेली गोष्ट कमीपणाची असो वा मोठेपणाची. एका राष्ट्रीयीकृत बँकेतील शिपाई पदासाठी ‘उमेदवार पदवीधर नसावा’ अशी अट होती. एकाने पदवी लपवून नोकरी मिळवली आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेची कारवाई उचलून धरली. नोटीस आल्यास मुदतीत लेखी उत्तर द्यावे, ज्या कागदांवर आरोप आधारलेला आहे त्यांच्या प्रती मागाव्यात, आणि घाबरून राजीनामा देऊ नये, कारण राजीनाम्याने चौकशीतील खुलाशाची संधी जाते आणि बनावट प्रमाणपत्राचा आरोप असेल तर फौजदारी कारवाईही टळत नाही.

शेवटी, जिंकलेल्या उमेदवाराच्या हाती बहुधा ‘नेमणूक द्या’ असा आदेश पडत नाही, तर ‘अमुक आठवड्यांत नव्याने निर्णय घ्या’ असा पडतो. आदेशाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात घ्यावी, ती लोकसेवा आयोग व नियुक्ती प्राधिकारी अशा दोघांकडेही स्वतंत्र पत्रासह आवक शाखेत द्यावी, आणि दिलेले आठवडे या पोचेच्या दिनांकापासून मोजावेत. ते संपून गेले तरी निर्णय झाला नाही, तर न्यायाधिकरणाला स्वतःच्या अवमानाबद्दल कारवाई करण्याचे अधिकार आहेत आणि त्यासाठीचा अर्ज त्याच पीठाकडे करता येतो.